राईतली हिरवी मॅट

माझ्या सासरच्या गावामागे एक डोंगर आहे आणि त्या डोंगरावर मला आता पळायला बंदी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काहीतरी गोड होईल अशी आशा कुणी धरायला नको. बंदी वन खात्याची नाही, पोलिसांची नाही. गावाची आहे, आणि गावाने ती फार अदबीने घातली. कुणी आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. अदबीपुढे माझं काही चाललं नाही.

गाव पारनेर तालुक्यात, नगरपासून गाडीने तासाभरावर. राळेगणचं पाहून आजूबाजूच्या ज्या गावांनी एकेकाळी डोंगरावर चर खणले, शेरडं वर सोडायची बंद केली, कुऱ्हाड बंद केली, त्यांतलंच हे एक. डोंगर अगदी हिरवागार नाही, पण बोडकाही राहिलेला नाही. खाली ग्लिरिसिडिया आणि सीताफळं, मध्ये हिवर, बोर, खैर, वर नुसतं गवत. शाळेमागून निघायचं, वन खात्याच्या गेटातून वर चढायचं, डोंगराला पुरा वळसा घालून पुन्हा शाळेपाशी उतरायचं, ही माझी वाट. शहरातले पळणारे असल्या वाटेला लूप म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पहिलीच चढण मुरमाची आहे, पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे घसरतं. ती संपली की पठार आणि पवनचक्क्यांचा रस्ता, मग कड्याच्या काठाकाठाने, मग देवीची राई, आणि शेवटी ओढ्याची घळ, जिच्यातल्या धोंड्यांवरून उतरताना गुडघे शिव्या देतात. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं मोज्यांत घुसतात ती वेगळीच. पहिल्यांदा ही फेरी पुरी केली तेव्हा शाळेच्या ओट्याशी मी ओकले होते. पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

मी नगरला एका शाळेत गणित शिकवते. पळायला लागले पंचेचाळिशी उलटल्यावर. शहरात रस्त्यावर पळावं तर मोटारसायकलवरची पोरं गाडी हळू करून विचारतात, काकू, बस चुकली का? मैदानावर जावं तर पालक भेटतात आणि मी धापा टाकत असताना पोराचे मार्क कुठे गेले ते विचारतात. डोंगरावर कुणी नव्हतं. नवऱ्याला शेताकडे बघायला दर रविवारी गावी जावंच लागायचं, मी त्यांच्याबरोबर जायचे आणि तेवढ्या वेळात फेरी मारून यायचे. त्या दोन-अडीच तासांत मी कुणाची बायको नव्हते, सून नव्हते, बाईही नव्हते. कुणी हाक मारणारं नव्हतं. असं लिहिताना लाज वाटते, पण आठवडाभर मी त्या रविवारावर जगत होते.

गावातल्या सुनेने ट्रॅक पॅन्ट घालून पळणं ही काही पचणारी गोष्ट नव्हती. ती पचवली माझ्या चुलत दिराने. हा माझ्याच वयाचा, गावात दूध संकलन केंद्र चालवतो, आणि देवीच्या राईची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे आहे. गावात त्याच्या शब्दाला वजन. त्याने मला न विचारता सकाळी दूध घालायला आलेल्या लोकांना सांगून टाकलं की वहिनींना शुगर हाय, डाक्टरनी पळायला लावलंय. झालं. त्या दिवसापासून लोकांच्या नजरा निवळल्या. बायका थांबवून कारल्याचा रस सांगू लागल्या. एकीने जांभळाच्या बियांची पूड पुडीत बांधून दिली. मला शुगर नव्हती, आजही नाही. बाई आजारी असेल तर तिने पळावं, पण तिला आवडतं म्हणून पळायचं नाही, असा एकंदर हिशोब होता. मी तोंड मिटून पूड घेतली आणि पळत राहिले.

राईचा मात्र नियम होता. हद्दीला चुना लावलेल्या दगडांची ओळ आहे. तिथे पायातलं काढायचं, हातात घ्यायचं, पलीकडच्या दगडांपाशी पुन्हा घालायचं. आत काडी मोडायची नाही. झाड पडलं तर जिथे पडलं तिथेच कुजायचं. आत उंबर, करंज, पिंपरणी, आणि करवंदीच्या अशा जाळ्या की दिवसा अंधारून यावं. मी देवभोळी नाही, घरात पूजाही नवराच करतो. पण घामेजलेले मोजे काढून त्या गार पालापाचोळ्यावर पाय टेकले की जे वाटायचं त्यासाठी मी कुठलाही नियम पाळला असता. सगळ्या फेरीत तेवढाच तुकडा मी चालत जायचे. राई टाळून पलीकडे जायला वाट नाही, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला पवनचक्कीवाल्यांचं तारेचं कुंपण.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग माझ्या मोबाईलने घात केला. मनगटावरचं घड्याळ आणि मोबाईल मिळून तुम्ही कुठे पळालात त्याचा नकाशा काढतात आणि तो तुमच्या ओळखीच्या पळणाऱ्यांना दिसतो. नगरच्या आमच्या पळणाऱ्यांच्या क्लबात मी नावापुरती होते. क्लबाचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, इमारतींची कामं घेणारा, चाळिशीचा, पोट सपाट आणि बोलणं गोड, त्याचा फोन आला. मॅडम, हा लूप तुम्ही आमच्यापासून लपवून ठेवला होतात? पुढच्याच रविवारी तो चौघांना घेऊन आला, फेरी मारली, घळीत दोनदा घसरला आणि खाली येऊन म्हणाला की असली वाट सह्याद्रीतही मिळणार नाही, इथे स्पर्धा व्हायलाच पाहिजे. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. एवढी वर्षं कुणी माझ्या पळण्याला आजार सोडून दुसरं नाव दिलं नव्हतं.

गावाशी बोलणं मीच करावं असं ठरलं. मी दिराशी बोलले. त्याने आधी नाहीच म्हटलं. राईतून दोनशे माणसं, नको वहिनी. मी म्हटलं, सगळे बूट काढतील. तो म्हणाला, शहरातली माणसं कशाला काढतील? मी म्हटलं, मी सांगते ना. शेवटी देवळासमोर बैठक बसली. कॅप्टनने हात जोडले, गावाने पाण्यासाठी केलेल्या कामाचं कौतुक केलं आणि राईचा मान राखला जाईल, शंभर टक्के, असं सगळ्यांदेखत सांगितलं. तरी म्हातारी मंडळी कुरकुरतच होती. मग दीर उठला आणि एवढंच म्हणाला, "वहिनी शब्द देतात म्हनल्यावर माजाबी शब्द." त्यावर नारळ फुटला.

गावाने मग मनापासून तयारी केली, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणी नवसाला अनवाणी देवीला आलं की बायका त्याच्या पायांवर पाणी घालतात, अशी तिथली पद्धत आहे. बायकांनी ठरवलं की ही एवढी माणसं अनवाणी राईतून जाणार, म्हणजे ती देवीचीच पाहुणी. त्यांनी कळशा घासल्या, पाण्यात तुळशीची पानं घातली, हळदीकुंकवाची ताटं केली. मला विचारलं, थंडीचं पाणी कोमट करून आणू का?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी शाळेसमोर मांडव, लाऊडस्पीकर, शहरातल्या गाड्यांची रांग. माझ्या छातीवरही नंबर होता. निघण्यापूर्वी सूचना देताना राईतल्या नियमाबद्दल कॅप्टन काहीच बोलला नाही. मी जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्याची व्यवस्था केलीय. बघा तर खरं, सरप्राइज आहे." मला वाटलं, बूट ठेवायला टोपल्या वगैरे ठेवल्या असतील. शिट्टी वाजली आणि मीही निघाले.

मुरमाची चढण त्या दिवशी मी जशी चढले तशी कधी चढले नव्हते. पठारावर माझ्यापुढे तीसेक माणसं असतील, बहुतेक तरुण. कड्याच्या काठाने जाताना वारा तोंडावर होता आणि मी मनाशी हसत होते, एवढं आठवतं. मग राईपाशी पोचले.

चुन्याच्या दगडांपासून आत पार दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी मॅट अंथरली होती. लग्नाच्या मांडवात अंथरतात तीच. मांडववाल्याने आदल्या संध्याकाळी माणसं पाठवून ती टाकली होती, ती सपाट बसावी म्हणून कडेच्या करवंदीच्या जाळ्या छाटल्या होत्या आणि कडांना लांब खिळे ठोकले होते. त्या मॅटवरून माणसं बुटांनिशी धाडधाड पळत होती. हीच ती व्यवस्था. बूट जमिनीला लागतच नाहीत, म्हणजे देवीचाही मान राहिला आणि कुणाची वेळही वाया गेली नाही. इमारती बांधणाऱ्या माणसाच्या डोक्यातून दुसरं काय निघणार. पायरी उंच असली की रॅम्प टाकायचा.

मॅटच्या दोन्ही अंगांना बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. दीर सकाळपासून तिथे होता. नंतर कळलं की उजाडताना ती मॅट पाहून तो खूश झाला होता. त्याला वाटलं, शहरातल्या माणसांचे पाय नाजूक, अनवाणी चालताना काटा लागू नये म्हणून अंथरलीय. छाटलेल्या जाळ्या पाहून त्याला वाईट वाटलं, पण पाहुण्यांसाठी म्हणून त्याने तेही गिळलं. बायकांना त्याने मॅटच्या कडेला ओळीने उभं केलं. आणि मग पहिला पळणारा आला तो दगडांपाशी थांबलाच नाही.

मी पोचले तेव्हा बायकांना काय करावं कळत नव्हतं. एकीने वाकून पाणी घातलं ते कुणाच्या तरी बुटावर पडलं आणि तो पोरगा वैतागून काही बोलला. दुसऱ्या एकाने पळता पळताच तिच्या हातातली कळशी घेतली, डोक्यावर ओतली आणि "थँक यू ताई" म्हणून परत दिली. तुळशीची पानं त्याच्या केसांत तशीच अडकली होती. बायका हसत होत्या. कसनुसं हसत होत्या. घासून लखलखीत केलेल्या कळशा हातात धरून, नव्या साड्या नेसून, त्या हसत होत्या, आणि ते मला बघवेना.

मी बूट काढले. मॅटच्या तोंडाशी आडवी उभी राहिले आणि येणाऱ्यांना ओरडून सांगायला लागले की बूट काढा, इथे बूट काढायचे आहेत. अर्ध्यांच्या कानात गाणी होती. एक बाई म्हणाली की वेळ मोजणारी चिप बुटाला बांधलीय, काढून कसं चालेल. एक गृहस्थ म्हणाले, मॅट आहे ना, मग काय प्रॉब्लेम आहे. मी हात पसरले. वर्गात पोरं दारातून घुसायला लागली की पसरते तसे. तर ते माझ्याशी वाद घालायला थांबलेसुद्धा नाहीत. मॅटवरून उतरले आणि मला वळसा घालून छाटलेल्या जाळीतून, थेट मातीतून, पाचोळा उडवत गेले. पुढचा गेला तसे मागचेही गेले. मी मॅट अडवली नसती तर निदान मातीला तरी बूट लागले नसते.

काही जण थांबले. एका निवृत्त माणसाने खाली बसून नीट नाड्या सोडल्या. दोन मुलींनी बूट काढून हातात घेतले आणि बायकांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. अशीही माणसं होती, पण बोटांवर मोजण्याइतकी. दीर एका उंबराला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, कुणाला अडवलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. मी फेरी पुरी केली नाही. बायकांबरोबर रिकाम्या कळशा घेऊन पायवाटेने खाली उतरले.

खाली बक्षिसं चालू होती. कॅप्टन माझ्यापाशी आला, चेहरा फुललेला. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. त्याला खरोखरच कळेना. मॅडम, टेक्निकली कुणाचाही बूट जमिनीला लागलेला नाही, मॅटवरून कुणी उतरलं असेल तर ती त्याची चूक, शिवाय उतरावं का लागलं ते तुम्हालाच माहीत. एवढं बोलून तो माईककडे गेला आणि त्याने दिराला स्टेजवर बोलावलं. दीर गेला. त्याला शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. फोटोत तो सरळ उभा आहे आणि नारळ छातीशी धरलाय. तो फोटो क्लबाच्या पानावर अजून आहे, खाली लिहिलंय, गावकऱ्यांचं अपूर्व सहकार्य.

पुढचा रविवार मी टाळला. धाडस नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र गेले, कारण न जाता राहवेना. सकाळी बूट घालून वन खात्याच्या गेटापाशी पोचले तर दीर तिथे मोटारसायकल लावून बसलेला. माझीच वाट पाहत होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, तुमची चूक न्हाई वहिनी, तुमी उभ्या राहिल्या ते समद्यांनी पाहिलं. मग जरा वेळ त्याने खालच्या मातीत काटकीने रेघा ओढल्या आणि सांगितलं की बैठक झाली. डोंगरावर आता पळापळ नको असं ठरलंय. कुणाचीच.

मी विचारलं, माझीसुद्धा?

"देवीला या. कवाबी या. चालत या," तो म्हणाला. "पन पळायचं न्हाई आता."

मला राग आला तो अजून गेलेला नाही. पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा याच डोंगरावरून क्रेन गेल्या. राईच्या कडेची झाडं आडवी झाली. ती माणसं राईत बसून डबे खायची, बूट घालून, हे मला याच दिराने सांगितलं होतं. तेव्हा कुणी बैठक घेतली नाही. मी हे सगळं त्याला ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं.

"ते परके हुते, वहिनी," तो म्हणाला. "त्यांनला कोन काय म्हननार? तुमी घरच्या. तुमाला सांगता येतं."

मी म्हटलं, ठरवताना मला बोलवायला हवं होतं. मी शब्द दिला होता, मोडला तोही माझाच, मग बैठकीत मला उभं करून विचारायचं. त्यावर तो पहिल्यांदाच गोंधळला. त्याला वाटत होतं मला माहीत आहे.

"दादाला इचारूनच ठरवलं की," तो म्हणाला. "दादा हुता बैठकीला. तो व्हय म्हनला."

दादा म्हणजे माझा नवरा. मी टाळला त्या रविवारी ते एकटेच गावी आले होते आणि संध्याकाळी परत आल्यावर कांद्याच्या रोपांबद्दल बोलले होते. आठवडाभर आम्ही एका ताटलीतली भाकरी खाल्ली. त्या आठवड्यात मी दोनदा त्यांच्यासमोर बुटांना लागलेली माती काढली होती, आता रविवारी जाते म्हणून, आणि ते वर्तमानपत्र वाचत होते.

मी गावातल्या घरी परत आले. नवरा ओट्यावर बसला होता. आज लवकर? म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांना कळलं असावं, कारण आपणच सुरुवात केली. आपल्याला या गावात जन्म काढायचाय, चारचौघांसमोर मी नाही कसं म्हणणार होतो, आणि तुझं वय बघ, त्या घळीत कधी पडलीस तर. चालण्यानेही व्यायाम होतोच की.

मी विचारलं, मला का नाही विचारलंत?

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले, आणि चहा टाक म्हणाले.

मी बूट न काढता स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि पुढची जुडी हातात घेतली.